कोळंबी, घोडा आणि लाकडाचा ठसा : चिनी ठसाचित्रांची पारख

बीजिंगमधल्या ल्योलीचांग या जुन्या रस्त्यावर पुस्तके, कुंचले, शाई, कागद आणि चित्रे विकणाऱ्या दुकानांची परंपरा फार जुनी आहे. त्यांतले सर्वांत नावाजलेले दुकान म्हणजे रोंगबाओझाय. १६७२ साली ते सोंगझूझाय या नावाने सुरू झाले आणि १८९४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. इथून बाहेर पडलेले कोळंब्यांचे एखादे चित्र समोर धरले, तर पाहणारा सहज फसतो. पातळ शाई कागदात मुरलेली असते, मिशांच्या रेषा एका दमात ओढल्यासारख्या वाटतात, कोपऱ्यात चित्रकाराची सही आणि लाल शिक्का असतो. चित्र ची बायशी यांच्या हातचे वाटते. प्रत्यक्षात ते लाकडाच्या ठशांवरून, एकेक छटा चढवत, हाताने छापलेले असते.

खुद्द ची बायशींची एक गोष्ट चीनमध्ये नेहमी सांगितली जाते. त्यांच्यासमोर दोन चित्रे टांगली, एक त्यांनी काढलेले आणि दुसरे रोंगबाओझायने छापलेले, आणि त्यांना आपले कोणते ते ठरवता आले नाही. गोष्टीत तिखटमीठ असेलही, पण या कारागिरीची ख्याती कशी आहे हे तिच्यातून कळते.

अशा ठसाचित्रांवर दोन बाजूंनी अन्याय होतो. कोणी ते मूळ चित्र म्हणून विकतो आणि घेणारा नागवला जातो. कोणी ‘छापील आहे’ एवढे ऐकून त्याला कॅलेंडरच्या चित्राच्या रांगेत बसवतो आणि रद्दीत देतो. दोघांचीही पारख चुकलेली असते. ही तिसऱ्याच जातीची वस्तू आहे. चित्राची कल्पना चित्रकाराची, पण कागदावरची प्रत्येक रेषा कोरणाऱ्याची आणि प्रत्येक छटा छापणाऱ्याची. ती ओळखायची आणि तिचे मोल करायचे, तर आधी ती कशी घडते हे समजून घ्यावे लागते.

पत्राच्या कागदापासून चित्रापर्यंत

लाकडावर कोरून छापणे ही चीनची फार जुनी विद्या. दुनह्वांगच्या गुहेत सापडलेले ‘वज्रच्छेदिका’ सूत्र इसवी सन ८६८ मध्ये छापलेले आहे आणि तारीख असलेले ते सर्वांत जुने छापील पुस्तक मानले जाते. त्याच्या आरंभी बुद्धाचे रेखीव चित्रही आहे. पण ती काळ्या शाईची एकरंगी छपाई होती. चित्रातले रंग, त्यांच्या फिक्या-गडद छटा आणि कुंचल्याचा ओलावा लाकडातून उतरवायला आणखी काही शतके जावी लागली.

ही किमया पूर्णत्वाला नेली मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात नानजिंगमध्ये राहणाऱ्या हू झंगयेन यांनी. त्यांच्या ‘दहा बांबूंच्या अभ्यासिके’तून १६३३ मध्ये फुले, पक्षी, फळे, बांबू आणि खडकांच्या रंगीत चित्रांचा संग्रह पूर्ण झाला. त्यात दोउबान ही पद्धत वापरली होती. चित्रातल्या प्रत्येक रंगासाठी, कधी एकाच रंगाच्या प्रत्येक छटेसाठी, वेगळा छोटा ठसा कोरायचा आणि ते सगळे एकाच कागदावर अचूक जुळवून छापायचे. पुढे त्यांनी पत्र लिहिण्याच्या नक्षीदार कागदांचा संग्रहही काढला. त्यात गोंगह्वा ही दुसरी युक्ती दिसते. शाई न लावता कागद ठशावर दाबून नुसता उठाव आणायचा, म्हणजे ढगांच्या, लाटांच्या किंवा पाकळ्यांच्या आकृती रंगाशिवाय उमटतात. जपानमधली बहुरंगी ठसाचित्रे १७६५ च्या सुमारास बहरली. हू झंगयेन त्यांच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कलेला उतरती कळा लागली होती. दगडी छपाई आणि फोटोवरून होणारी छपाई स्वस्त पडू लागली, आणि ठशांचे काम पत्राच्या कागदांपुरते उरले. तेव्हा लेखक लू शुन आणि अभ्यासक झंग झेनद्वो यांनी बीजिंगच्या दुकानांतून असे कागद जमवले आणि १९३३ मध्ये रोंगबाओझायकडून त्यांचा सहा भागांचा संग्रह छापून घेतला. पहिल्या खेपेला फक्त १०० संच निघाले. या दोघांनी चित्रकारांबरोबर कोरणाऱ्या कारागिरांची नावेही मिळतील तितकी नोंदवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर त्यांनी हू झंगयेन यांच्या पत्रकागदांचा संग्रह नव्याने कोरून घेण्याचे काम हाती घेतले. ते १९४१ मध्ये पुरे झाले, तोवर लू शुन यांना जाऊन पाच वर्षे लोटली होती.

या कामातून तयार झालेला हात पुढे मोठ्या चित्रांकडे वळला. १९५० मध्ये दुकानात सरकारची भागीदारी आली आणि ‘रोंगबाओझाय शिनजी’ असे नाव पडले. १९५२ मध्ये ते पूर्ण सरकारी झाले. ची बायशी यांच्या कोळंब्या आणि फुले, श्यू बेइहोंग यांचे उधळलेले घोडे अशी समकालीन चित्रे ठशांवर उतरू लागली. हे श्यू बेइहोंग म्हणजे रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९३९-४० मध्ये शांतिनिकेतनात येऊन राहिलेले चित्रकार. शांघायमध्ये १९०० साली स्थापन झालेल्या द्वोयुनश्वान या संस्थेनेही हेच काम तितक्याच तोलाने केले. आज बाजारात दिसणाऱ्या चांगल्या प्रतींपैकी बऱ्याच या दोन घरांतल्या असतात.

तीन हातांचे काम

या पद्धतीला चिनी भाषेत मूबान श्वेइयिन म्हणतात, म्हणजे लाकडी ठशांची पाण्याच्या रंगांतली छपाई. तिचे तीन टप्पे आहेत आणि तिन्हींचे कारागीर वेगळे असतात.

पहिला रेखणारा. तो मूळ चित्र पाहून ठरवतो की कोणती छटा कोणत्या ठशावर जाईल. मग पारदर्शक कागदावर प्रत्येक ठशाचा आकार वेगळा रेखून काढतो. इथे नुसता नेमका हात पुरत नाही. चित्रकाराने आधी काय रंगवले आणि नंतर काय, कुंचला कुठे टेकला, कुठे वळला आणि कुठे सुटला, हे त्याला वाचता यावे लागते.

दुसरा कोरणारा. पातळ कागदावरचे रेखाटन लाकडावर उलटे चिकटवून तो रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढत जातो. यासाठी बहुधा नासपतीच्या जातीतल्या झाडाचे लाकूड वापरतात, कारण त्याचे तंतू बारीक आणि एकसारखे असतात. सर्वांत कठीण काम कोरड्या कुंचल्याच्या फटकाऱ्याचे. वेगाने ओढलेल्या रेषेत मधूनमधून पांढरा कागद दिसतो. चित्रकाराने निमिषात केलेली ती तुटक, खरबरीत रेष कोरणाऱ्याला कण कण करून लाकडात घडवावी लागते.

तिसरा छापणारा. त्याच्या मेजाला मधोमध फट असते. एका बाजूला कागदांची चळत घट्ट दाबून बसवलेली आणि दुसऱ्या बाजूला ठसा चिकटवलेला. ठशावर कुंचल्याने रंग लावायचा, कागद उलटवून त्यावर टाकायचा, पाम वृक्षाच्या तंतूंच्या घासणीने मागून घासायचा आणि छापलेला कागद फटीत सोडायचा. सगळे कागद एका ठशाने छापून झाले, की तो ठसा काढून पुढचा लावायचा. छापयंत्र कुठेच नाही. फिक्याकडून गडदाकडे जाणारी छटा तर तो दर वेळी ठशावरच कुंचल्याने रंगवतो. त्यामुळे एकाच ठशावरच्या दोन प्रतींतही बारीकसा फरक राहतो.

कागद बहुधा श्वान जातीचा. आनह्वेइ प्रांतातल्या जिंग तालुक्यात निळ्या चंदनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून तो बनतो. रंग तेच, जे चित्रकार वापरतात : काजळीची शाई, नीळ, हिंगूळ, खनिजांचे निळे-हिरवे. कागद तोच, रंग तेच, पाण्याचे मुरणेही तेच, म्हणून या प्रती इतक्या फसव्या होतात.

हे काम कुठवर जाऊ शकते याचे टोक म्हणजे ‘हान शीझायची मेजवानी’. दहाव्या शतकातल्या गू होंगझोंग या चित्रकाराच्या नावावर असलेले हे सुमारे साडेतीन मीटर लांबीचे गुंडाळीचित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. मूळ चित्रावर कागद ठेवून रेखणे शक्यच नव्हते, म्हणून चेन लिनझाय या चित्रकाराने आधी त्याची हुबेहूब प्रत काढली. ठशांचे काम १९५९ मध्ये सुरू झाले, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात थांबले आणि १९७९ मध्ये संपले. प्रत्यक्ष कामाची वर्षे आठ, ठसे १,६६७, आणि रेशमावर छापलेल्या प्रती अवघ्या ३५.

भिंग काय सांगते

आता पारखीकडे येऊ. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि चांगला उजेड एवढे हाताशी असले, की पहिला प्रश्न सुटतो : हे यंत्राने छापलेले आहे का?

ऑफसेट छपाईत कोणतीही छटा निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार रंगांच्या ठिपक्यांनी बनते. भिंगाखाली हे ठिपके नेमाने मांडलेले, गोल फुलासारख्या रचनेत दिसतात. ते दिसले की प्रश्न मिटला. लेबलावर काहीही लिहिलेले असो, चित्र लाकडी ठशांचे नाही. हल्लीच्या इंकजेट प्रतींत ठिपक्यांची जाळी नसते, पण रंगीत शाईचे बारीक तुषार विखुरलेले दिसतात, आणि काळ्या रेषेच्या कडेलाही भलत्याच रंगाचे कण सापडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमध्ये लोकप्रिय असलेली कोलोटाइप छपाई जास्त फसवते. काचेवरच्या जिलेटिनच्या थरातून ती होते आणि तिच्या छटा अतिशय मऊ असतात. भिंगाखाली मात्र त्या छटांत वेड्यावाकड्या सुरकुत्यांसारखी बारीक जाळी दिसते. अशा बहुतेक प्रती एकरंगी असतात.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदीच परका नाही. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून, आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळच्या मळवलीला, निघालेल्या देवदेवतांच्या तसबिरी आजही जुन्या घरांत आहेत, आणि ‘हे रविवर्म्यांचे मूळ चित्र आहे का?’ असे विचारणारे भेटतात. त्या दगडावरून छापलेल्या आहेत; भिंगाखाली त्यांच्या छटांत दाणेदार ठिपके दिसतात. चिनी ठसाचित्रात असा दाणा नसतो. तिथे रंग सलग पसरलेला, कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो.

ठिपके नाहीत, जाळी नाही, रंग सलग आहे, असे ठरले की दोनच शक्यता उरतात : मूळ चित्र किंवा ठसाचित्र. इथे डोळ्यांची खरी परीक्षा सुरू होते.

पहिली खूण रंगाच्या कडांवर. ठशाच्या दाबाने रंग कधी कधी कडेला सरकतो आणि तिथे बारीकशी गडद किनार येते. दुसरी खूण जोडांवर. दोन छटांचे ठसे जिथे भेटतात तिथे केसाएवढी पांढरी फट किंवा तेवढेच अरुंद चढणे राहू शकते. एका ओघात काढलेल्या पानाची छटा अशा पायरीने बदलली, तर ती कुंचल्याची नव्हे. तिसरी खूण मोठ्या सपाट भागांत. तिथे लाकडाचे तंतू पुसटसे उमटलेले दिसू शकतात. चांगल्या कारखान्याच्या कामात हे फार कमी आढळते, पण तिरप्या उजेडात पाहिले तर हाती लागते.

चौथी खूण रेषांच्या छेदात. मूळ चित्रात एक ओली रेष दुसरीवरून गेली, की छेदाच्या जागी शाई साचते, पसरते, कोणती आधी आणि कोणती नंतर हे उलगडते. ठसाचित्रात एकाच ठशावरच्या दोन रेषा छेदतात तेव्हा तिथला काळा रंग बाकीच्या रेषेसारखाच राहतो. पाचवी खूण कोरड्या फटकाऱ्यात. खऱ्या कुंचल्याचा खरबरीतपणा कागदाच्या पोताप्रमाणे बदलतो. कोरलेल्या फटकाऱ्यातल्या पांढऱ्या जागांच्या कडा किंचित धारदार असतात. सहावी खूण मागच्या बाजूला. चित्र अजून दुसऱ्या कागदावर चढवलेले नसेल, तर पाठीवर घासणीच्या चकाकीचे पट्टे दिसू शकतात. रंग मागे झिरपला आहे एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही, कारण तो मूळ चित्रातही झिरपतो.

लाल शिक्क्यावर फार विसंबू नये. चित्रकाराच्या शिक्क्याचा लाल लगदा हिंगूळ, एरंडेल आणि वनस्पतीचे तंतू यांचा असतो. तो कागदावर किंचित उठून राहतो. ठशाने छापलेला शिक्का बहुधा सपाट, मुरलेला दिसतो. पण लबाड विक्रेता छापील चित्रावर खऱ्या लगद्याचा बनावट शिक्का सहज मारू शकतो. पाण्याचा थेंब टाकून रंग विरघळतो का हे तर कधीच पाहू नये. त्यातून ठरत काहीच नाही आणि डाग कायमचा राहतो.

शेवटचा आणि अनेकदा निर्णायक उपाय म्हणजे ताडून पाहणे. कोणत्याही चित्रकाराने एकच चित्र दोनदा काढले, तरी प्रत्येक रेष तिथल्या तिथे पडत नाही. संग्रहालयाच्या किंवा प्रकाशकाच्या सूचीतल्या प्रतीशी तुमच्या चित्रातली प्रत्येक मिशी, प्रत्येक फाटा जुळत असेल, तर ते छापलेले किंवा गिरवलेले आहे. आणि रेषा तंतोतंत जुळूनही छटांत थोडा फरक असेल, तर तो छापणाऱ्याच्या हाताचा असण्याचा संभव मोठा.

मोल कशावरून ठरते

मूळ चित्र आणि ठसाचित्र यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ची बायशी यांचे १९२५ सालचे बारा निसर्गचित्रांचे पट २०१७ मध्ये बीजिंगच्या लिलावात ९३ कोटी युआनहून अधिक किमतीला गेले. त्यांच्या कोळंब्यांची छापील प्रत त्या जगाच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच मूळ चित्राच्या किमतीचा अमुक हिस्सा म्हणून ठसाचित्राचे मोल काढणे चुकीचे. त्याची तुलना ठसाचित्रांशीच करावी.

सर्वांत आधी पाहायचे ते घर. रोंगबाओझाय किंवा द्वोयुनश्वान यांचे काम असेल तर बहुधा चित्राच्या कडेला छोटा शिक्का किंवा पाठीवर लेबल असते. त्यावर संस्थेचे नाव, चित्राचे नाव आणि ठशांच्या छपाईचा उल्लेख आढळतो. हे लेबल म्हणजे वस्तूचा जन्मदाखला. नवी चौकट करताना ते काढून टाकणे हा मोठा अपराध आहे, आणि लेबल मुद्दाम खरवडलेले दिसले तर ते चित्र कधीतरी मूळ म्हणून विकण्याचा बेत होता अशी शंका घ्यावी.

मग काळ. लेबलावर ‘शिनजी’ हा शब्द असेल, तर तो १९५० च्या दशकाच्या आरंभाकडे बोट दाखवतो. त्या काळात चित्रकार हयात होते, अनुभवी कारागीर हाताशी होते आणि ठसे नवे होते. लाकूड झिजते : बारीक रेषा जाड होतात, टोके बोथटतात, मधे तुटतात. त्यामुळे एकाच चित्राच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रतींत गुणवत्तेचा फरक पडतो. काही चित्रांचे ठसे पुढे नव्याने कोरलेही गेले, म्हणून दोन प्रती शेजारी ठेवूनच निर्णय करावा.

तिसरे, कामाची अवघडता. मोजक्या ठशांचा पत्रकागद आणि शेकडो ठशांचे रेशमावरचे दरबारी चित्र यांचे मोल एक असणार नाही. रेशमावर छापणे कागदापेक्षा कठीण, कारण ते ताणले जाते आणि रंग वेगळ्या रीतीने शोषते. चौथे, प्रतींची संख्या. ३५ प्रतींचे चित्र आणि वर्षानुवर्षे छापले गेलेले लोकप्रिय कोळंबीचित्र यांत दुर्मीळ कोणते हे सांगायला नको. संच असेल तर तो पूर्ण आहे का, खोका आणि छापील सूची सोबत आहे का, हेही पाहावे.

पाचवी गोष्ट प्रकृतीची. घड्या, फाटलेल्या कडा, कापून लहान केलेले समास, ओलीचे तपकिरी ठिपके, कसरीने खाल्लेली भोके, उन्हाने उडालेला रंग, यांतले प्रत्येक मोल उतरवते. हिंगूळ आणि खनिजांचे निळे-हिरवे रंग टिकाऊ असतात; वनस्पतीजन्य पिवळे आणि लाल प्रकाशात लवकर फिके पडतात. म्हणून चित्रातली फुले पांढुरकी आणि पाने निळसर झाली असतील, तर ते बरीच वर्षे उजेडात टांगलेले होते असे समजावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर भिंतीला चिकटवून टांगणे किंवा प्लायवुडची पाठ लावणे टाळावे. आम्लविरहित कागदाचे अस्तर आणि काच व चित्र यांच्यात थोडी पोकळी ठेवावी. दुरुस्ती पारंपरिक पिठाच्या खळीने काम करणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावी. चिकटपट्टी आणि फेव्हिकॉलने झालेले नुकसान भरून येत नाही.

विकत घेताना विक्रेत्याला सरळ विचारावे : मूळ चित्र कोणाचे, छापले कोणी, केव्हा, कशावर? ‘खूप जुने आहे’, ‘आजोबांनी चीनहून आणले’ ही उत्तरे पुरेशी नाहीत. पावतीवर ‘लाकडी ठशांची छपाई’ असे लिहून घ्यावे. प्रामाणिक विक्रेता त्याला नकार देत नाही.

आणि आपल्या घरात, ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असे चित्र असेल, तर त्याची नोंद पूर्ण करावी. ‘ची बायशी, कोळंबी’ एवढी नोंद खोटी ठरते, आणि ‘चिनी प्रिंट’ एवढी अपुरी. ‘ची बायशी यांच्या चित्रावरून, लाकडी ठशांची हातछपाई, रोंगबाओझाय, बीजिंग, लेबल पाठीवर’ अशी नोंद करायला एक ओळ लागते. तिने घेणाऱ्याची फसवणूक टळते. शिवाय चित्रकाराच्या सहीखाली कुठेच सही नसलेल्या रेखणाऱ्याला, कोरणाऱ्याला आणि छापणाऱ्याला त्यांच्या कामाचे श्रेय मिळते. लू शुन आणि झंग झेनद्वो कारागिरांची नावे शोधत फिरले ते याच न्यायबुद्धीने. आपल्याला नावे सापडणार नसली, तरी काम त्यांचे आहे हे लिहून ठेवणे आपल्या हातात आहे, आणि या चित्रांची खरी किंमत तिथूनच मोजायला लागावी.